न वाळलेले तात्या

तात्यांच्या पहिल्या पुण्यस्मरणाच्या सकाळी रत्नमाला सगळ्यांच्या आधी उठली, आंघोळ उरकून गच्चीवरच्या खोलीत गेली, धूळ बसू नये म्हणून चित्रावर चार काड्यांनी तोललेलं धोतर उचललं आणि चित्रातल्या तात्यांच्या खांद्याला करंगळीचं टोक लावून पाहिलं. बोट चिकटलं. गेले अकरा महिने ती रोज सकाळी हेच करत होती आणि बोट रोज चिकटत होतं. पावसाळ्यात तिनं दमट हवेला दोष दिला, दिवाळीत थंडीला. संक्रांत उलटून गेल्यावर दोष द्यायला ऋतूच शिल्लक राहिला नाही, तेव्हा तिनं या विषयावर स्वतःशीसुद्धा बोलणं बंद केलं.

तैलरंग वाळायला वेळ लागतो, हे बावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. पण वेळ म्हणजे महिना, फार तर तीन. सासऱ्यांचं दहावं, तेरावं, मासिक सगळं वेळच्या वेळी उरकलं, रेशनकार्डावरचं नाव कमी झालं, त्यांच्या खोलीत धाकट्या दिराची व्यायामाची सायकल आली, आणि चित्रातले तात्या मात्र अजून ओलेच.

रंग तिनं घरी केले होते. या एका वाक्यावर गारखेड्यातलं हे घर दोन वर्षं हसत होतं. गेरूची लाल आणि पिवडीची पिवळी माती गुलमंडीच्या बाजारातून आणलेली, काजळी सासूबाईंनी दिव्यावर ताटली धरून जमवलेली, जवसाचं तेल गंगापूरच्या मामांच्या घाण्यावरचं. ते मिठाच्या पाण्यानं धुवायचं, बरणीत भरून ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर ठेवायचं, दोन महिन्यांत ते फिकं होतं. मग स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेल्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर माती आणि तेल घेऊन वरवंट्यानं घोटायचं, लोण्यासारखं होईपर्यंत. "बाजारात ट्यूबा मिळतात की तयार," असं तिचा नवरा कारभारी म्हणाला होता. बाजारात पोळ्याही तयार मिळतात, हे तिनं त्याला सांगितलं नाही, कारण त्यानं लगेच मागवल्या असत्या.

घोटायचं काम मात्र तात्यांचं. उजव्या अंगावरून वारं गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. पन्नास वर्षं शेतात राबलेल्या सर्जेरावांनी तो एकदा दाबला, दोनदा दाबला आणि खिडकीतून बाहेर टाकला. "मी काय लेकरू हाये व्हय?" मग एके दिवशी जिन्याचा कठडा धरत ते वर आले, सुनेचं घोटणं बघत बसले आणि म्हणाले, "हे किती येळ फिरवायचं?"

"तासभर, तात्या."

"मंग आण इकडं."

तेव्हापासून रोज सकाळी सासरा रंग घोटायचा आणि सून त्याचं चित्र काढायची. शेवटची बैठक झाली आणि आठव्या दिवशी तात्या गेले. लग्न होऊन आल्यापासून रत्नमालेनं या घरासाठी हजारो गोष्टी केल्या होत्या आणि त्या सगळ्या खाऊन संपल्या होत्या. ही पहिलीच उरलेली. ती आज हॉलमधल्या खिळ्यावर लागावी, एवढंच तिला हवं होतं.

खिळा एकच होता, टीव्हीच्या वर. आणि त्यासाठी तात्या दोन होते.

दुसरे तात्या धाकटी जाऊ मोनाली गुलमंडीतल्या एका स्टुडिओतून काँप्युटरकडून करवून घेऊन आली होती. मतदार ओळखपत्रावरचा फोटो दिला, पुढचं यंत्रानं पाहिलं. यंत्राला तात्या धोतरात आवडले नसावेत, कारण त्यांना निळा कोट मिळाला. पडलेले दात परत आले, ते जाताना होते त्यापेक्षा जास्त संख्येनं. पाठीमागे धबधबा. तात्यांनी उभ्या आयुष्यात एवढं पाणी जायकवाडीचे दरवाजे उघडल्यावरच काय ते पाहिलं असेल. हाच फोटो फाटकावरच्या फ्लेक्सवर 'प्रथम पुण्यस्मरण' या अक्षरांखाली हसत होता आणि येणारा प्रत्येक पाहुणा आधी आपण योग्य घरी आलो का, याची खात्री करून घेत होता.

दोन्हींपैकी कोणतं लावायचं, हा प्रश्न घरातला थोरला मुलगा म्हणून कारभारीकडे आला होता. कारभारीनं जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं नोकरी केली ती एकाही कागदावर स्वतःचं मत न उमटवता. तो परंपरेला जागला. "दोन्ही मांडू टेबलावर. पाहुणे काय म्हणतेत ते बघू, मंग ठरवू," त्यानं सांगितलं.

"चित्राला कुणाचा हात लागू देऊ नका," रत्नमाला जिन्यातून चित्र उतरवताना त्याला म्हणाली. "गंध चौकटीला लावायला सांगा. हार मी बाहेरून तारेवर बांधलाय."

"का गं?"

"सांगा फक्त."

"सांगतो," कारभारी म्हणाला आणि आचाऱ्याकडे बासुंदीची चव बघायला गेला. चित्र अजून ओलं आहे, असं त्याला सांगायला तिची जीभ रेटली नव्हती. वर्षभर ज्या रंगांचं कौतुक ती एकटीच करत होती, त्यांचीच तक्रार पहिल्यांदा तिनंच करायची, हे तिला जमलं नाही.

मोनाली हॉलच्या दारात उभी राहून पाहुण्यांना पाणी देत होती आणि कान टेबलाकडे लावून होती. टेबलावर दोन्ही तात्या शेजारी शेजारी बसले होते. गावाकडच्या बायका आधी तिच्या फोटोपुढे हात जोडत होत्या, कारण तो जास्त चकाकत होता. "लईच साहेब दिसायले तात्या," एक म्हातारी म्हणाली, आणि मोनालीनं तिला पाणी दुसऱ्यांदा दिलं.

तिला जाऊबाईशी भांडायचं नव्हतं. छावणी भागातल्या तिच्या माहेरी भावाभावांची भांडणं बघून तिचा त्या कलेवरचा विश्वास उडाला होता. पण एक गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. तात्या आजारी होते तेव्हा तेरा महिने त्यांची पेज तिनं केली, औषधं तिनं दिली, रात्री-बेरात्री हाक मारली की विश्वजीतला ढोसून तिनं उठवलं. आणि सगळे म्हणायचे, रत्नमालेच्या रंगांनी तात्यांचा हात सुधारला. पेजेनं कुणाचं काही सुधारत नसतं, हे तिला तेव्हा कळलं. चित्र काढायला तिला येत नव्हतं. स्टुडिओत जाऊन बसायला येत होतं, ते तिनं केलं.

"वहिनींचं चित्र बी भारी आलंय हां," तिचा नवरा विश्वजीत मागून म्हणाला.

"मग तेच लावा ना. मी कुठं नको म्हणाले?"

लग्नाला अठरा वर्षं झालेल्या विश्वजीतला या वाक्याचा अर्थ नीट कळला. "तसं नाय," तो म्हणाला. "फोटोला काच हाये. पुसायला सोपं पडतं."

पूजा आटोपली तशी महाराजांनी घड्याळाकडे पाहिलं आणि घरच्या लोकांनी तात्यांना गंध लावून घ्यावं, असं सांगितलं. पहिला मान सासूबाई आवडाबाईंचे भाऊ पुंजाराममामा यांचा. मामा बहात्तर वर्षांचे, टोपी कडक, मिशी त्याहून कडक. गंगापुरात त्यांचा 'लाकडी घाणा' होता. त्यातला लाकडी हा शब्द आता फक्त पाटीवर उरला होता, पण तेल शुद्ध होतं, आणि त्याबद्दल शंका घेणाऱ्याशी मामांनी गावात दोनदा बोलणं तोडलं होतं.

ते दोन्ही तात्यांकडे बघत क्षणभर थबकले. कोट घातलेल्या माणसाशी त्यांची ओळख नव्हती. चित्रातल्या माणसाबरोबर चाळीस वर्षं बिडी ओढलेली होती. त्यांनी अष्टगंधात अंगठा बुडवला आणि चित्रातल्या मेव्हण्याच्या कपाळावर, माणसाच्या कपाळावर टेकवतात तसा, प्रेमानं दाबून टेकवला.

अंगठा आत गेला.

अंगठा बाहेर आला तो अष्टगंध तिथंच ठेवून आणि थोडे तात्या बरोबर घेऊन. चारचौघांत काय बोलावं? मेव्हण्याच्या वर्षश्राद्धाला मेव्हण्याचं कपाळ आपल्या अंगठ्याला आलं, हे सांगायची काही रीत नव्हती. त्यांनी अंगठा मुठीत लपवला आणि बाजूला झाले.

मग कारभारीनं लावलं. त्याला ओलं लागलं, पण मत उमटवण्यासारखं काही वाटलं नाही. मग विश्वजीतनं लावलं, त्याला वाटलं अष्टगंधच पातळ कालवलंय, म्हणून त्यानं अंगठा जरा जास्तच घासला. मग चुलते, मग चुलत भाऊ. प्रत्येकाला आपल्यामुळेच झालं असं वाटत होतं, म्हणून प्रत्येक जण गप्प राहून पुढच्याला जागा करून देत होता. रत्नमाला स्वयंपाकघरातून नैवेद्याचं ताट घेऊन आली तेव्हा रांगेतला सातवा अंगठा उठत होता आणि तात्यांच्या कपाळाच्या मधोमध रुपयाएवढं पांढरं कॅनव्हास दिसत होतं.

तिच्या हातातलं ताट पडलं नाही. तिनं ते खाली ठेवलं, सावकाश, आणि म्हणाली, "मी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं."

"कुणाला?" विश्वजीतनं विचारलं.

रत्नमालेनं नवऱ्याकडे पाहिलं. कारभारी छताच्या पंख्याकडे बघत होता.

"पण ताई," मोनाली पुढे आली, "हात लावायचा नाही म्हणजे? वर्ष झालं ना चित्र काढून. अजून ओलंच आहे का?"

हा साधा प्रश्न होता आणि तो येऊ नये म्हणूनच रत्नमाला अकरा महिने चित्र धोतरानं झाकत होती. "आहे," ती म्हणाली. "वाळत नाहीये. का ते मला कळत नाही."

खोलीत जी शांतता पसरली तीत दहा जण एकाच वेळी म्हणत होते की आम्ही आधीच म्हटलं होतं. एक चुलत दीर तेवढं मोठ्यानंही म्हणाला. "घरच्या घरी मातीचे रंग केल्यावर दुसरं काय व्हणार? बाजारातले आणायचे व्हते."

"सांगितलं व्हतं मी तिला," कारभारी म्हणाला. हे त्याचं या वर्षातलं पहिलं ठाम मत. रत्नमालेच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कपाळ पुसलं गेल्यामुळे नव्हे.

एवढा वेळ मामा खिडकीशी उभे राहून मुठीतला अंगठा नाकाशी नेत होते. एकदा हुंगला. पुन्हा हुंगला. मग टोपी मागे सारून त्यांनी घसा खाकरला.

"सूनबाई, ह्यात तेल कोणतं घातलंस?"

"तुमच्याच घाण्याचं, मामा. जवसाचं."

"हे जवसाचं नाय." मामांनी अंगठा सगळ्यांपुढे धरला. "ह्यात शेंगदाना हाये. खवट झालाय, पण शेंगदानाच. माझा जलम गेलाय ह्या वासात."

रत्नमाला जागच्या जागी उभी राहिली. वर्षभर जे कोडं सुटत नव्हतं ते एका अंगठ्यानं सोडवलं होतं. "जवस वाळतो," ती हळूच म्हणाली, "शेंगदाणा नाही वाळत. कधीच नाही. म्हणूनच."

"म्हणजे मामांनी तेल भेसळीचं दिलं," कारभारी म्हणाला.

एकतीस वर्षांत मत न उमटवणाऱ्या माणसानं एका सकाळी दोन मतं उमटवली, की त्यातलं दुसरं असं असतं. मामांची मान हळूहळू वळली.

"काय म्हनला?"

"तसं नाय मामा, पण बरणी तर तुमच्याकडूनच..."

"माझ्या घाण्यात भेसळ? सख्ख्या बहिनीच्या घरी भेसळ पाठवली म्या?" मामांचा आवाज चढला नाही, उतरला. ते जास्त वाईट होतं. "आक्काला सांगा मी गेलो. जेवनार नाय. माझ्या वहाना कुठंशीक हायेत?"

"मामा, बसा हो," रत्नमाला मधे आली. "तुमचं तेल चांगलंच होतं. मी धुतलं तेव्हा वास घेतला होता. नंतर कुणीतरी मिसळलंय. बरणी गच्चीवर होती." आणि मग तिच्या तोंडून ते निघून गेलं, "गच्चीवर पापड वाळवायला तर मोनालीच जायची."

मोनालीनं हातातली पाण्याची घागर खाली ठेवली. "मी मिसळलं?"

"मी कुठं म्हणाले?"

"म्हणालात ना ताई. सगळ्यांपुढे म्हणालात. मला तुमचं चित्र आवडत नव्हतं, खरं आहे. मी फोटो करून आणला, तेही खरं आहे. पण चांगलं शेंगदाण्याचं तेल तुमच्या मातीत ओतायला मला वेड लागलंय का? एवढ्या तेलात माझे दोन महिने निघतात."

"वहिनी, हे जास्त होतंय," विश्वजीत म्हणाला. पाच मिनिटांपूर्वी वहिनींचं चित्र त्याला भारी वाटलं होतं. "तुमचं फसलं तर तिच्यावर कशाला?"

"बरोबर हाये त्याचं," कारभारी धाकट्या भावाच्या बाजूला सरकला. मामांच्या बाजूची जागा गेल्यावर त्याला कुठंतरी उभं राहणं भाग होतं. मामा चुलत दिराला बाजूला सारून वहाणा शोधत होते. गावाकडच्या बायका आता दोन्हींपैकी एकाही तात्यांकडे बघत नव्हत्या. इतका चांगला कार्यक्रम त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

आतल्या खोलीत पलंगावर बसलेल्या आवडाबाईंना सगळं ऐकू येत होतं. वय अठ्ठ्याहत्तर, कान मात्र घरातल्या कुणाहीपेक्षा चांगले, हे त्यांनी आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. शेंगदाना हाये, असं भाऊ म्हणाला तेव्हाच तो तिथं कसा आला, हे त्यांना कळलं होतं. तेल वाळतं किंवा वाळत नाही, अशी काही गोष्ट असते हेच त्यांना आजपर्यंत माहीत नव्हतं. तेलाचं काम तळणं.

उठावं की नाही? त्यांनी एका माणसाला शब्द दिला होता. तो माणूस आता बाहेर टेबलावर होता, दोनदा. शब्द मोडायचा तर आजच्याच दिवशी, त्याच्याच वर्षश्राद्धाला, सगळ्या भावकीपुढे. नाही मोडायचा तर भाऊ उपाशी निघाला होता, धाकटी चोर ठरत होती, आणि थोरली हॉलच्या मधोमध एकटी उभी होती. आवडाबाईंना नवऱ्याचा थोडा रागच आला. स्वतः निघून गेले आणि हे निस्तरायला मागं ठेवलं. मग त्या पलंगाची कड धरून उठल्या.

"पुंजाराम, वहाना ठिव खाली," त्या दारातून म्हणाल्या. "तेल म्या वतलं."

सगळे वळले.

"बाई, तुम्ही?" रत्नमाला म्हणाली.

"म्याच." त्या भिंतीला धरून आत आल्या. "तू शाळेत गेली व्हतीस. ह्यांनी मला वरून हाक मारली. वर जाऊन बघते तर बरनी कलंडलेली, अर्धं तेल गच्चीवर, आन् हे उकिडवे बसून डाव्या हातानं धोतराच्या सोग्यानं पुसायलेत. हे बरनी उचलायला गेले व्हते आन् ह्यांचा हातच उघडला नाय. त्यो उजवा."

"तो हात तर सुधारला होता," रत्नमाला म्हणाली.

"तू म्हनायचीस सुधारला. समद्यांना सांगायचीस. डॉक्टरला बी सांगितलंस. वरवंटा फिरायचा त्यो डाव्या हातानं फिरायचा, उजवा नुसता वर ठेवलेला असायचा. तुझं तोंड चित्राकडं असलं की उजवा खाली पडायचा. तुला दिसलं नाय, कारन त्यांनी दिसू दिलं नाय. मला म्हनले, रत्नीला सांगू नको. दोन महिने उन्हात राखलंय तिनं तेल. आन् हाताचं कळलं तर लई हिरमुसंल. मंग म्या खाली गेले, डब्यातलं शेंगदान्याचं बरनीत भरलं. रंगाला सारखंच दिसत व्हतं. मला काय म्हाईत ते वाळत नसतं."

मामांनी वहाणा खाली ठेवल्या. कारभारी पुढे सरकला आणि म्हणाला, "मामा, मी भेसळ म्हणलो ते..."

"तू बोलू नको थोडा येळ," मामा म्हणाले. हे घरातल्या सगळ्यांना पटलं.

रत्नमाला मोनालीकडे वळली. "चुकलं माझं. मी तसं म्हणायला नको होतं."

"नकोच होतं," मोनाली म्हणाली. तिनं पदर खोचला, घागर उचलली आणि दारात दाटलेल्या भावकीकडे पाहिलं. "चला, पानं वाढलीत खाली. इथं आता बघण्यासारखं काही नाही." नव्हतं असं नाही, पण तिच्या आवाजात असं काही होतं की बायका नाइलाजानं उठल्या आणि जिना उतरताना मागं वळून बघत गेल्या. मोनालीनं त्यांच्यामागे दार ओढून घेतलं, स्वतः मात्र आतच राहिली.

हॉलमध्ये घरचे तेवढे उरले. विश्वजीतला अशा वेळी हाताला काही काम लागतं. त्यानं काचेचा फोटो उचलला, बाहीनं पुसला आणि खुर्चीवर चढू लागला. "तोवर हा लावून टाकू. खिळा मोकळा बरा दिसत नाय."

"ठिव खाली त्यो," आवडाबाई म्हणाल्या.

"बाई, आजपुरता."

"मी त्या मानसाला वळखत नाय." मग त्यांना धाकट्या सुनेचं तोंड दिसलं. "तुझ्यावर राग नाय गं मोनाली. तू पेज पाजलीस म्हून ते वरीसभर टिकले, मला म्हाईत हाये. पन एवढे दात माझ्या नवऱ्याला कधीच नव्हते."

मोनालीला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडूही आलं. पेजेचं नाव या घरात पहिल्यांदाच कुणी घेतलं होतं. तिनं स्वतःच नवऱ्याच्या हातातून फोटो घेतला आणि सोफ्याच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"मग हे लावायचं?" कारभारीनं विचारलं.

"नाही," रत्नमाला म्हणाली. सगळ्यांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "हे वाळणार नाही, बाई. आज नाही, दहा वर्षांनी नाही. धूळ बसत राहील, जो हात लावेल त्याच्या हाताला येत राहील. मी खरवडून टाकते. एक वेळ खिळा रिकामा राहिला तरी चालेल."

हे बोलताना तिचा आवाज स्थिर होता. जे वर्षभर हवं होतं ते आता कुणीही अडवत नव्हतं, आणि ते देण्यासारखंच उरलं नव्हतं. तात्यांनी तिच्यासाठी रोज तासभर न चालणारा हात वरवंट्यावर ठेवला होता आणि ती समोर बसून, डोळे बारीक करून, जगातलं सगळं बघत होती, तो हात सोडून. चित्रकलेत बावीस वर्षं मुलांना काय शिकवलं होतं? आधी नीट बघा, मग काढा.

"खरवडायचं काय त्यात," आवडाबाई म्हणाल्या. "नाय वाळत तर नाय वाळत. जित्तेपनी तरी कुनाचं ऐकत व्हते?"

त्या टेबलापाशी गेल्या. घरच्या रिवाजानं गंध लावायच्या रांगेत त्यांचं नाव नव्हतं, विधवेचं नसतं, आणि सकाळपासून ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नव्हती. कारभारी काहीतरी बोलणार होता, पण त्याला थोडा वेळ न बोलायला सांगितलेलं होतं. आवडाबाईंनी गंधाची वाटी बाजूला सारली. कोरडा अंगठा पांढऱ्या डागाच्या कडेला टेकवला आणि शेजारचा रंग हळूच डागावर ओढला. रंग आला. त्या चपापल्या, मग त्यांनी पुन्हा ओढला.

"असं नाही, बाई," रत्नमाला त्यांच्यामागे येऊन उभी राहिली. तिनं सासूचं मनगट धरलं. "जोर नका देऊ. वरून खाली या. कडेला रंग जाड आहे, तिकडचा घ्या."

"असं?"

"असं."

मामा टोपी हातात घेऊन बघत होते. विश्वजीत खुर्चीवरून उतरला. साठ वर्षांच्या संसारात आवडाबाईंनी चारचौघांत नवऱ्याच्या अंगाला बोट लावलेलं यांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. अंगठा कपाळावरून फिरत राहिला, सात जणांच्या खुणा एकेक करून बुजत गेल्या, पांढरं झाकलं गेलं. तेवढ्यानं काम संपलं होतं, तरी अंगठा थांबला नाही.

"हितं लई आठ्या काढल्यास गं तू," आवडाबाई म्हणाल्या.

"होत्या ना, बाई."

"व्हत्या. सदा न् कदा चिंता." अंगठा पहिल्या आठीच्या टोकावर अडला. "पुसू का?"

त्या आठ्यांना रत्नमालेच्या नऊ सकाळी गेल्या होत्या. सगळ्या चित्रात तेवढंच काम आपल्याला खरोखर साधलं, असं तिचं मत होतं, आणि ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"पुसा," ती म्हणाली.